कॅनन ८०डी विकून निकॉन डी७५० घ्यावा का?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका तरुण फोटोग्राफरचा आहे. त्याच्याकडे कॅननचा ८०डी, त्याच्यासोबत आलेली १८-१३५, शिवाय ५५-२५० आणि ५० एफ/१.८ या लेन्स (पहिले आकडे झूमचे, मिलिमीटरमध्ये; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त) आणि कॅननसाठीचा गोडॉक्स टीटी६८५ फ्लॅश आहे. साखरपुडा, हळद, लग्न अशा ऑर्डरी तो घेतो आणि हल्ली गिऱ्हाईक मागतं म्हणून रीलही करून देतो. बेळगावातल्या एका मंगल कार्यालयात मित्राने निकॉन डी७५० वर काढलेले संध्याकाळचे फोटो त्याने पाहिले. मित्राचे स्वच्छ आले होते, याच्या फोटोंत दाणे होते. आता ओळखीतून एक वापरलेला डी७५०, त्याच्यासोबत २४-१२० एफ/४ आणि ५० एफ/१.८डी या लेन्स असं मिळतंय. कॅननचं सगळं विकून निकॉनवर जाऊ का, असं तो विचारतो.

माझं उत्तर आधीच सांगतो: आत्ता जाऊ नकोस. डी७५० वाईट आहे म्हणून नव्हे. तो फार चांगला कॅमेरा आहे आणि आजही त्यावर लग्नं उत्तम निघतात. पण तुला जो फरक दिसला तो कॅनन-निकॉनमधला नाहीच. एकदा हे नीट कळलं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरेल.

मित्राकडे फुल फ्रेम सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आहे, तुझ्याकडे त्याहून लहान एपीएस-सी. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. कॅननचा एपीएस-सी साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. क्षेत्रफळात हा फरक सुमारे २.६ पट होतो, म्हणजे दीड स्टॉपला थोडा कमी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). पण गोष्ट इथेच संपत नाही. मित्राची लेन्स पूर्ण झूमला एफ/४ राहते. तुझी १८-१३५ मंचावरच्या चेहऱ्यांपर्यंत झूम केली की एफ/५.६ वर येऊन बसते. दोघांनी एकाच जागेवरून, एकाच शटरस्पीडला फोटो काढला आणि त्याला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढली की दाणे वाढतात) ३२०० लागला, तर तुला ६४०० लागणार, तेही लहान सेन्सरवर. सेन्सर आणि लेन्स दोन्ही धरून मित्राच्या फोटोमागे तुझ्यापेक्षा पाच पट प्रकाश होता. एवढ्या फरकाने कुठल्याही कंपनीचा कॅमेरा मागेच पडेल. त्याच्या हातात कॅननचा फुल फ्रेम आणि २४-१०५ एफ/४ असती तरी तुला हेच दिसलं असतं.

आता याच हिशेबात तुझ्या ८०डी वर एफ/२.८ झूम लावून बघ. कॅननची स्वतःची १७-५५ एफ/२.८ आयएस, नाहीतर सिग्माची १७-५० एफ/२.८. दोन्ही वापरलेल्या मिळतात आणि दोन्ही एपीएस-सीसाठीच बनवलेल्या आहेत. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर येणं म्हणजे दोन स्टॉप, चौपट प्रकाश. तुझा आयएसओ ६४०० वरून १६०० वर आला. मित्राचा डी७५० एफ/४ लावून ३२०० वर आहे. सेन्सरचा फरक जमेस धरूनही आता तुमच्या दोघांत अर्ध्या स्टॉपपेक्षा कमी अंतर उरलं. बारा बाय छत्तीसच्या अल्बमच्या पानावर ते अंतर नवऱ्याच्या आईला दिसणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही शोधावं लागेल.

म्हणजे पाऊल पहिलं ते हे. एक लेन्स. बॉडी तीच, फ्लॅश तोच, बॅटऱ्या त्याच, हाताची सवय तीच. लेन्स आली की एक संध्याकाळ तिच्यासाठी राखून ठेव. ८०डी मध्ये एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट, म्हणजे लेन्सचा फोकस बॉडीशी जुळवायची सोय, आहे. झूम लेन्ससाठी वाइड आणि टेली अशा दोन्ही टोकांना वेगवेगळी दुरुस्ती देता येते, उणे २० ते अधिक २०. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेव, समोर वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवून त्याच्यापुढे थोडी तिरकी पट्टी ठेव, एफ/२.८ वर, व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो काढ आणि मोठा करून बघ की सगळ्यात धारदार आकडा तू फोकस केला होतास तोच आहे का. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, कर. दोन्हींत फरक आला तर लेन्स खराब नाही, जुळवणी बाकी आहे. ‘सिग्मा सॉफ्ट येते’ म्हणून लेन्स विकून टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी एवढं केलेलं नसतं.

डी७५० वर गेल्याने खरोखर काय मिळेल तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आयएसओ नाही, दोन कार्डांची सोय आहे. डी७५० मध्ये एसडी कार्डाचे दोन स्लॉट आहेत आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर लिहिता येतो. तुझ्या ८०डी मध्ये एकच स्लॉट. लग्नाच्या कामात कार्ड गेलं तर पुन्हा अक्षता पडत नाहीत. पगारी काम करणाऱ्या माणसाने कधी ना कधी दोन स्लॉटच्या कॅमेऱ्यावर जायलाच हवं, हे माझं ठाम मत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे कमी आयएसओवर काळोख्या भागातून तपशील वर काढण्याची ताकद. त्या पिढीतल्या निकॉनच्या सेन्सरमध्ये ती कॅननच्या ५डी मार्क ३ किंवा ६डी पेक्षा उघड जास्त होती. पण कॅननने २०१६ मध्ये ८०डी आणि ५डी मार्क ४ आणताना हे अंतर बरंच भरून काढलं. म्हणजे तुझ्याकडचा सेन्सर त्या जुन्या कॅननांपैकी नाही.

आणि काय जाईल? व्हिडिओ. हा मुद्दा तुझ्या प्रश्नात अर्ध्या ओळीत आला आहे, पण माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागतो. ८०डी मध्ये ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस आहे. स्क्रीनवर नवरीच्या चेहऱ्याला बोट लावलंस की ती चालत आली तरी फोकस तिच्यासोबत हळुवार येतो. डी७५० लाइव्ह व्ह्यूमध्ये कॉन्ट्रास्टवर फोकस शोधतो, पुढे-मागे चाचपडतो, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये दिसतं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यांत) लाइव्ह व्ह्यूचा फोकस खऱ्या अर्थाने सुधारला तो २०२० च्या डी७८० मध्ये. तुझी स्क्रीन बाजूला उघडून पूर्ण फिरते, डी७५० ची फक्त वर-खाली होते. फोरके दोन्हींत नाही. म्हणजे रीलच्या कामात तू एक पायरी खाली येशील, आणि आज खानापूर असो की निपाणी, गिऱ्हाईक अल्बमच्या आधी रील मागतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी माहितीपत्रक वाचून लक्षात येत नाही. आपल्या मंगल कार्यालयांत ट्यूब आणि स्वस्त एलईडींची गर्दी असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. सलग फोटो काढलेस तर एक उजळ, एक काळपट, एक हिरवट असं होतं ते यामुळे. ८०डी मध्ये अँटी-फ्लिकर आहे. दिव्याच्या प्रखर क्षणाशी शटर जुळवून घेण्याची ती सोय मेनूत जाऊन चालू कर. डी७५० मध्ये फोटोंसाठी ती नाही. निकॉनमध्ये ती डी५०० पासून आली. डी७५० वर मग शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवावं लागतं, आणि १/५० वर अक्षता टाकणारे हात हलतात.

आता मुख्य मुद्दा. माणूस म्हणतो, मी कॅमेरा बदलतोय. प्रत्यक्षात तो माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी, बदलत असतो. बॉडी पाच-सात वर्षांची सोबतीण, लेन्स मात्र पंधरा-वीस वर्षं चालते, आणि ती कुठल्या बॉडीवर बसेल हे माउंट ठरवतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. कॅननने १९८७ मध्ये आपला जुना एफडी माउंट सोडून पूर्ण इलेक्ट्रॉनिक ईएफ आणला, तेव्हा ज्यांच्याकडे एफडी लेन्स होत्या त्यांना कॅननवरच राहायचं तरी सगळं नव्याने घ्यावं लागलं. पुढे २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) नवे माउंट काढले, कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड. म्हणजे ब्रँडशी एकनिष्ठ राहिलं की आपलं सामान सुरक्षित, असं नसतं. माउंटाचं आयुष्य कुठवर आहे ते बघायचं असतं.

ते डीएसएलआरच्या बाबतीत आज स्पष्ट आहे. कॅननचा १डीएक्स मार्क ३ आणि ८५०डी, निकॉनचा डी७८० आणि डी६, हे सगळे २०२० चे. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. सोनीने तर आपले आरशाचे कॅमेरे २०२१ मध्ये यादीतूनच काढले. एकटं पेंटॅक्स नवे काढत राहिलं. याचा अर्थ तुझा ८०डी उद्या बंद पडणार असा नाही. अर्थ एवढाच की एका थांबलेल्या माउंटावरून दुसऱ्या थांबलेल्या माउंटावर जाण्यासाठी सगळं सामान विकणं हा तोट्याचा व्यवहार आहे. विकताना घट, घेताना घट, आणि दोन-चार वर्षांनी मिररलेसवर जाताना पुन्हा तेच.

इथे एक यांत्रिक गोष्ट समजून घे, पुढचे सगळे निर्णय तिच्यावर आहेत. लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटाचं ठरलेलं असतं. कॅनन ईएफचं ४४ मिलिमीटर, निकॉन एफचं ४६.५, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६, सोनी ईचं १८. लांब अंतराची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर बसवता येते, कारण मधल्या जागेत अॅडॉप्टर मावतो. उलटं होत नाही. त्यामुळे तुझ्या कॅनन लेन्स डी७५० वर कामाच्या नाहीत. मधे काच घातल्याशिवाय दूरचा फोकसच लागणार नाही. पण त्याच लेन्स कॅननच्या मिररलेसवर कंपनीच्या अॅडॉप्टरने ऑटोफोकससकट चालतात, आणि इतर कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक अॅडॉप्टरने सोनीवर, अगदी निकॉन झेडवरही बसतात, जरी त्या वाटेवर ऑटोफोकसचा भरवसा लेन्सगणिक बदलतो. आज तू जी ईएफ-एस (ईएफमधली, फक्त एपीएस-सीसाठीची) १७-५५ घेशील ती पुढच्या मुक्कामी तुझ्यासोबत येऊ शकते.

डी७५० सोबत मिळणाऱ्या लेन्सचंही हेच गणित लावून बघ. २४-१२० एफ/४ मध्ये स्वतःची मोटर आहे. ती निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरने झेड बॉडीवर व्यवस्थित फोकस करते. ५० एफ/१.८डी मध्ये मोटर नाही, तिला बॉडीतल्या मोटरचा दांडा फिरवतो. डी७५० मध्ये ती मोटर आहे म्हणून तिथे चालेल. पण एफटीझेडवर ती हातानेच फोकस करावी लागते, आणि निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या बॉडींवरही तसंच. बाजारात डी लेन्स स्वस्त दिसतात त्यामागचं हे मोठं कारण आहे.

कॅननमध्येच राहून फुल फ्रेम घेतो, ६डी किंवा ५डी मार्क ३, असंही तुझ्या मनात येईल. तिथेही डोळे उघडे ठेव. तुझी १८-१३५ आणि ५५-२५० या ईएफ-एस आहेत. त्या कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. हातात उरेल ५० एफ/१.८, फ्लॅश आणि एलपी-ई६ बॅटऱ्या. म्हणजे कॅनन ते कॅनन या उडीतही अर्ध्याहून जास्त सामान जातं, आणि ६डी मध्ये पुन्हा कार्डाचा एकच स्लॉट.

मग ब्रँड बदलण्याला काही अर्थच नाही का? आहे, आणि त्याचं जे कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं ते कॅमेऱ्याच्या आतलं नाही. आपल्या सीमाभागात हे काम एकट्याने होत नाही. वैशाखात एकाच मुहूर्तावर बेळगाव, येळ्ळूर, खानापूर, पलीकडे चंदगड, गडहिंग्लज अशी सगळीकडे लग्नं असतात, आणि आपण एकमेकांच्या ऑर्डरीवर दुसरा कॅमेरा म्हणून जातो. अशा वेळी ७०-२०० कोणाची तरी मागून आणलेली असते, बॅटरी संपली की शेजारच्याच्या पिशवीतून घेतली जाते, फ्लॅशचा ट्रिगर विसरला तर मित्र देतो. हे सगळं एकाच माउंटात चालतं. तू ज्या तिघा-चौघांसोबत नेहमी काम करतोस ते सगळे निकॉनवाले असतील, त्यांच्या कपाटात ७०-२०० एफ/२.८ आणि ८५ एफ/१.८ पडून असतील, तर त्या लेन्स तुझ्याही आहेत असं समज. मग वरचं सगळं गणित निकॉनकडे झुकतं. उलट तू एकटाच निकॉनवाला होणार असशील, तर ऐन सीझनमध्ये हात मागायला कोणी नाही. कुठला ब्रँड घेऊ हे मला विचारण्याआधी, ज्यांच्याकडून तू गेल्या सीझनला काही ना काही मागून घेतलंस त्यांची नावं आणि त्यांचे कॅमेरे एका कागदावर लिहून काढ. निम्मं उत्तर त्या कागदावर असेल.

दुरुस्तीचंही असंच. आपल्याकडे बॉडी बिघडली की ती हुबळी, कोल्हापूर, पुणे, नाहीतर थेट बेंगळूरू अशी फिरते. तू घेणार त्या ब्रँडचं अधिकृत केंद्र आज कुठे आहे, कुरिअरने पाठवलं तर ते घेतात का, हे फोन करून विचार. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का हेही त्याच फोनवर विचार. डी७५० २०१४ चा आहे, हे विसरू नकोस.

इतकं सगळं तपासून तुझं मन निकॉनवरच बसलं, तर खर्चाची यादी पूर्ण मांड. लोक बॉडी आणि लेन्सची वजाबाकी करतात आणि बाकीचं नंतर आठवतं. एसडी कार्डं चालतील. बॅटऱ्या चालणार नाहीत. निकॉनला ईएन-ईएल१५ लागेल, किमान दोन, आणि त्यातली एक तरी कंपनीची असू दे. फिल्टरचे व्यास बदलतील: तुझ्या १८-१३५ ला ६७ मिलिमीटर लागतो, २४-१२० ला ७७. फ्लॅशच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. तुझा टीटी६८५ कॅननसाठीचा असल्याने निकॉनच्या डोक्यावर टीटीएल (फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) देणार नाही, फक्त मॅन्युअलमध्ये पेटेल. पण गोडॉक्सचा रेडिओ सगळ्या ब्रँडना सामाईक आहे. निकॉनचा ट्रिगर घेतलास तर हाच फ्लॅश स्टँडवर लावून पूर्ण कामाला येतो, आणि एडी२०० सारखे फ्लॅश तर नुसता ट्रिगर बदलला की कुठल्याही ब्रँडसोबत चालतात. म्हणून मी नेहमी सांगतो, दिव्यांवर घातलेला पैसा ब्रँड बदलताना सगळ्यात कमी बुडतो. एक सावधगिरी, कारण तुझ्यासारखे बरेच जण बदली बॉडी म्हणून २००डी मार्क २ किंवा १५००डी बघतात: त्यांच्या फ्लॅशच्या खोबणीत मधली पिन नाही. साधे ट्रिगर आणि इतर कंपन्यांचे बरेच फ्लॅश त्यावर पेटत नाहीत.

वापरलेला डी७५० बघायला जाशील तेव्हा दिवसाउजेडी जा. त्यावर एक फोटो काढून फाइल घरी आण. निकॉन शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, फाइलच्या माहितीतच लिहितो, कुठल्याही एक्झिफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. या शटरची चाचणी दीड लाखापर्यंत झालेली आहे. कॅननच्या बहुतेक बॉडींत हा आकडा असा सहज मिळत नाही, हे तुझा ८०डी विकतानाही लक्षात ठेव, घेणारा विचारेल. डी७५० च्या काही सिरीयल नंबरांसाठी निकॉननेच शटर बदलून देण्याची जाहीर सूचना काढली होती. म्हणून सिरीयल नंबर लिहून घे, निकॉनच्या साइटवर बघ आणि आधीच्या मालकाने ते काम करून घेतलं होतं का ते विचार. मग एफ/१६ वर आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघ. आणि लेन्स. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी येते हे तुला सांगायला नको. मागचं-पुढचं झाकण काढ, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मार आणि दुसऱ्या बाजूने बघ. धूळ म्हणजे सुटे ठिपके, ती चालते. कडेकडून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत पाडूनही घेऊ नकोस. तुझ्या पिशवीतल्या बाकीच्या लेन्सलाही ते त्रासदायक. मूळ बिल मागायला लाजू नकोस.

हाताच्या सवयीबद्दल लोक ‘आठवड्यात होते’ म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. लेन्स बसवायची दिशा उलट, झूमची दिशा उलट. ८०डी वर शटरस्पीड बोटाजवळच्या चकतीने आणि अॅपर्चर मागच्या चाकाने बदलतोस. निकॉनवर शटरस्पीड अंगठ्याने आणि अॅपर्चर पुढच्या चकतीने. चालू-बंदचं बटण एकाचं डाव्या खांद्यावर, दुसऱ्याचं शटरभोवती. शांत बसून काढताना हे काहीच नाही. पण ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, आणि नवरा-नवरीच्या पहिल्या नजरेसाठी तू झूम आत घ्यायला मनगट फिरवलंस की जुन्या सवयीने फ्रेम बाहेर जाते. चेहऱ्यांऐवजी भटजींची पाठ आणि कॅमेरावाल्यांची गर्दी येते. चकत्यांची अदलाबदल मेनूतून करता येते, झूमची दिशा नाही.

म्हणून सीझनच्या मधे ब्रँड कधीच बदलू नये. आपल्याकडे तुळशीच्या लग्नापासून सुरू झालेली धावपळ पावसाळ्यापर्यंत चालते, आषाढीपासून चातुर्मासात मुहूर्त नसतात. बदल करायचा तो याच काळात. सरावाला गणपती आहेतच. बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत रात्रभर जे दिवे, धूर, गुलाल आणि हलते चेहरे मिळतात त्याहून कठीण परीक्षा कुठलं लग्न घेणार नाही. कपिलेश्वर तलावाकडे जाणारी मिरवणूक नव्या कॅमेऱ्यावर काढ, नोंद ठेव की कुठे हात अडला. आणि विकत घेण्याआधी मित्राचा डी७५० एका दिवसासाठी भाड्याने किंवा मागून घे, स्वतःची ऑर्डर नसताना.

काही काळ दोन्ही ब्रँड सोबत वापरायची वेळ आली, तर दोन गोष्टी आदल्या रात्री कर. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळव, नाहीतर लाइटरूममध्ये वेळेप्रमाणे लावल्यावर सप्तपदी आधी आणि मंगलाष्टका नंतर येतात. आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता दोन्हींवर सारखा केल्विन आकडा दे, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढ, कार्यालयात पोचल्यावर एकदा ग्रे कार्डाचा फोटो दोन्हींनी घे. कॅननची त्वचा आणि निकॉनची त्वचा जेपेगमध्ये वेगळी दिसते, रॉमध्ये ती जुळवता येते. सगळ्यात जास्त त्रास हळदीचा. तो पिवळा लाल चॅनेल आधी फोडतो आणि साध्या हिस्टोग्रामला (उजेडाच्या आलेखाला) ते कळत नाही. गालावरची हळद एकसलग पिवळ्या ठिगळासारखी येते, बोटांचे ओरखडे जातात. आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेव, लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली घे, पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेव. हे दोन्ही ब्रँडना सारखंच लागू आहे.

पुढच्या मुक्कामाचं माझं मत विचारशील तर ते असं. या सीझनला एफ/२.८ झूम घेऊन ८०डी वरच काम कर. पैसे साठले की वापरलेला कॅनन आर६ बघ: फुल फ्रेम, दोन एसडी स्लॉट, बॉडीतच स्थिरीकरण, तुझ्या एलपी-ई६एन बॅटऱ्याही चालतात, आणि अॅडॉप्टर लावून ५० एफ/१.८ पहिल्या दिवसापासून कामाला. ईएफ-एस लेन्स त्यावर बसतील, पण चित्र कापलं जाऊन जेमतेम ८ मेगापिक्सेल उरेल, म्हणून तेवढ्यापुरती एखादी वापरलेली ईएफ २४-७० किंवा २४-१०५ लागेल, जी आता डीएसएलआरवाले सोडताहेत. आरएफची एक अडचण आहे. इतर कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सना कॅननने बराच काळ वाट दिली नाही. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला दिली ती एपीएस-सी लेन्सपुरती. स्वस्त पण चांगल्या लेन्सचा भरणा सोनीकडे सगळ्यात जास्त आहे, त्याखालोखाल निकॉन झेडकडे. तुझं टोळकं निकॉनचं असेल तर डी७५० ऐवजी झेड५ बघ. त्यातही दोन एसडी स्लॉट आहेत, लाइव्ह व्ह्यूची रड नाही, आणि मित्रांच्या मोटरवाल्या लेन्स एफटीझेडने चालतात.

८०डी मात्र दोन्ही वाटांवर लगेच विकू नकोस. त्याला आता फार किंमत येणार नाही, आणि लग्नाला दुसरी बॉडी जवळ नसणं परवडत नाही. एफ/२.८ झूम लावून तो रीलसाठी गिंबलवर ठेव. विकायचीच तर आधी ५५-२५० विक; मंचाजवळ उभं राहून काम करणाऱ्याला ती फारशी लागत नाही, आणि तेवढ्या पैशांत दुसरी बॅटरी, एक चांगलं कार्ड आणि पावसाळ्यासाठी सिलिका जेलचा हवाबंद डबा येतो.